पाठ केलेली वाक्ये आणि राहून गेलेली वाक्ये

खऱ्या प्रेमाचा प्रवाह कधी संथ वाहिला नाही, हे शेक्सपिअरच्या नाटकातले वाक्य असंख्य सुभाषितसंग्रहांत सापडते. ते ज्याच्या तोंडी आहे तो ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला लायसँडर पहिल्या अंकात हे सांगून आपल्या हर्मियाला धीर देतो, तिला घेऊन रानात पळून जातो, आणि दुसऱ्याच अंकात, झोपेत डोळ्यांवर पिळल्या गेलेल्या एका फुलाच्या रसाने, हेलेनाच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तो हर्मियाला तोंडावर सांगतो, की मला तुझा तिरस्कार वाटतो. भांबावलेली हर्मिया त्याला एवढेच विचारते, की मी हर्मिया नाही का, आणि तू लायसँडर नाहीस का? हा प्रश्न मला कोणत्याही सुभाषितसंग्रहात आढळला नाही. इतकी वर्षे ही नाटके वाचल्यानंतर मात्र मला वाटते, की जपून ठेवण्याजोगे वाक्य हर्मियाचे आहे, लायसँडरचे नव्हे.

मी स्वतःही विशीत अशी एक वही भरली होती. प्रेमाविषयी, जगण्याविषयी इंग्रजी नाटकांत जे जे घुमणारे, डौलदार सापडेल ते त्यात उतरवून घ्यायचे, असा माझा नेम होता. त्या वहीत वाक्ये होती, पण ती कोण बोलते, कोणाला उद्देशून बोलते आणि बोलल्यावर पुढे काय करते, याची नोंद नव्हती. पुढे तीच नाटके सावकाश वाचताना ध्यानात आले, की वहीतली बहुतेक भव्य वाक्ये अशा माणसांची आहेत ज्यांना प्रेमातले त्या घटकेला फारसे काही कळलेले नाही. संगीत हे जर प्रेमाचे अन्न असेल तर वाजवत राहा, असे म्हणणारा ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला ड्यूक ऑर्सिनो ज्या ऑलिव्हियासाठी झुरतो, तिच्यासमोर तो नाटकात पहिल्यांदा उभा राहतो तो थेट पाचव्या अंकात, तोवर त्याचे प्रेम दूतांकरवी चालते. माझ्या हृदयात मावते तेवढे प्रेम कोणत्याही स्त्रीच्या हृदयात मावायचे नाही, असे तो ज्या दूताला सांगतो तो दूत म्हणजे पुरुषवेषातली व्हायोला असते, आणि तिचे त्याच्यावर मनापासून प्रेम असते. आपल्या वडिलांना एक मुलगी होती, तिचे एका पुरुषावर प्रेम होते, अशा आडवळणाने ती स्वतःविषयीच बोलते. त्या मुलीचे पुढे काय झाले, असे ऑर्सिनो विचारतो, तेव्हा ती म्हणते, “कोरे पान, महाराज. तिने आपले प्रेम कधी सांगितलेच नाही.” स्वतःशी प्रामाणिक राहा, हा जगप्रसिद्ध उपदेश ‘हॅम्लेट’मध्ये आपल्या मुलाला करणारा पोलोनियस पुढच्याच अंकात त्या मुलावर पाळत ठेवायला माणूस पाठवतो. आणि रोमिओ चंद्राची शपथ घ्यायला निघतो, तेव्हा चौदावे वर्षही न सरलेली ज्युलिएट त्याला अडवते, कारण चंद्र तर दर महिन्याला बदलतो. मग कशाची शपथ घेऊ, असे त्याने विचारल्यावर ती म्हणते, “घेऊच नकोस.” रोमिओ पुढे आपल्या शब्दाला जागतो, हे खरे, पण त्या रात्री त्याला कशातले किती कळते आहे, हे त्या दोघांपैकी तिलाच अधिक कळलेले असते.

हे असे का असावे, याचा मी बराच विचार केला आहे. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरून ते खरे बोलते की खोटे, हे वाचकाला परस्पर सांगता येते. नाटककाराकडे ती सोय नसते. त्याच्याकडे फक्त बोलणे असते, आणि शेक्सपिअरच्या काळी तर बोलण्याखेरीज रंगमंचावर फार थोडे असे. 1599 मध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दिवसाउजेडी होत, मधल्या अंगणावर छप्पर नव्हते, एक पेनी देऊन लोक तिथे उभ्याने नाटक पाहत, आणि ज्युलिएट असो वा व्हायोला, स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करत. रात्र शब्दांनी पाडावी लागे, रान शब्दांनी उगवावे लागे. ज्यांनी शब्दांवर सगळे जग तोलून धरले होते, त्या नाटककारांना शब्द किती सहज खोटे बोलतात याची जाण इतरांपेक्षा जास्त असणार. म्हणूनच प्रेमाच्या बाबतीत त्यांनी प्रेक्षकाचा कान घडवला. घोषणा ऐकू द्यायची, आणि मग तिच्या शेजारी एखादे साधे, दोन शब्दांचे वाक्य ठेवून द्यायचे. ते कोणाला ऐकू येते ते येते.

‘किंग लिअर’ची सुरुवातच या दोन प्रकारच्या बोलण्यांच्या परीक्षेने होते. ऐंशी ओलांडलेला राजा नकाशा पसरून राज्याचे तीन वाटे करायला बसला आहे, आणि तुमच्यापैकी कोणाचे माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे ते सांगा, म्हणजे त्या प्रमाणात देईन, असे तो तीन मुलींना सांगतो. थोरली गॉनरिल म्हणते, की माझे प्रेम शब्दांत मावणारे नाही, डोळ्यांच्या दृष्टीहून, अवकाशाहून, स्वातंत्र्याहून तुम्ही मला प्रिय आहात. मधली रीगन म्हणते, की ताई माझ्याच मनातले बोलली, फक्त थोडी कमी पडली. धाकट्या कॉर्डिलियाची पाळी येते. बहिणींपेक्षा समृद्ध असा तिसरा वाटा मिळवायला तू काय बोलशील, या प्रश्नावर ती म्हणते, “काही नाही, महाराज.”

विशीत वाचताना मला कॉर्डिलिया हट्टी वाटली होती. म्हाताऱ्या बापाच्या मनासाठी दोन गोड वाक्ये बोलली असती तर काय बिघडले असते, पुढचा सगळा अनर्थ टळला असता, असे माझे स्पष्ट मत होते आणि ते मी वर्गात हिरिरीने मांडलेही होते. आज मला ते मत पटत नाही, आणि त्याचे कारण कॉर्डिलियाच्या पहिल्या उत्तरात नसून तिच्या नंतरच्या खुलाशात आहे. ती म्हणते, की आपल्या नात्याने जेवढे बांधले आहे तेवढे माझे तुमच्यावर प्रेम आहे, त्याहून अधिक नाही आणि उणेही नाही. उद्या माझे लग्न झाले तर माझे अर्धे प्रेम, अर्धी काळजी त्या माणसाबरोबर जाईल. आणि माझ्या बहिणींचे सगळेच प्रेम तुमच्यावर असेल, तर त्यांनी नवरे कशाला केले? कानाला हे कोरडे लागते. पण त्या दरबारात खरा हिशेब तिचा एकटीचा असतो, कारण आपल्याजवळ नाही ते द्यायचे ती कबूल करत नाही.

लिअरची चूक उतावळेपणाची आहे असे पुष्कळदा म्हटले जाते. मला वाटते ती त्याहून खोल आहे. प्रेम मोजता येते, या समजुतीची ती चूक आहे, आणि शेक्सपिअर तिचा पाठपुरावा दुसऱ्या अंकात अक्षरशः आकड्यांनी करतो. राज्य दिल्यावर लिअरने स्वतःसाठी शंभर सरदारांचा लवाजमा ठेवलेला असतो. गॉनरिल तो पन्नासांवर आणते. रीगन म्हणते, माझ्याकडे यायचे तर पंचवीसच आणा. आणि तो अपमानित बाप गॉनरिलकडे वळून म्हणतो, की तुझे पन्नास तिच्या पंचविसांच्या दुप्पट आहेत, म्हणजे तुझे प्रेम तिच्या दुप्पट आहे. मग आकडा दहावर येतो, पाचावर येतो, आणि शेवटी रीगन विचारते, की एकाची तरी काय गरज? नकाशावर त्याने जे गणित मुलींना शिकवले, तेच त्या त्याला शेवटच्या वजाबाकीपर्यंत करून दाखवतात. वादळातला लिअर रंगभूमीवर गाजतो. मला मात्र हा प्रवेश वाचताना अधिक थरकाप होतो, कारण मोजून प्रेम मागणारा माणूस मोजूनच उघडा पडतो आणि ते त्याला अजून उमगलेले नसते.

चौथ्या अंकाच्या शेवटी, वेडाच्या काळोखातून तो जागा होतो तेव्हा कॉर्डिलिया समोर असते. आपण कोण, कुठे, अंगावरचे कपडे कुणाचे, काहीच त्याला नीट आठवत नाही. ही बाई माझी लेक कॉर्डिलिया असावी असे मला वाटते, एवढे तो चाचरत म्हणतो, आणि ती म्हणते, “मीच आहे, मीच आहे.” तिच्या गालावरचे पाणी ओले आहे का, हे तो हाताने चाचपून पाहतो. तुझ्याजवळ विष असेल तर दे, मी पिईन, असे तो म्हणतो. तुझे माझ्यावर प्रेम नसणार हे मला ठाऊक आहे, तुझ्या बहिणींनी मला छळले त्याला काही कारण नव्हते, तुझ्याजवळ मात्र कारण आहे. त्यावर कॉर्डिलियाचे उत्तर मूळ इंग्रजीत दोनच शब्दांचे आहे आणि ती ते दोनदा उच्चारते: “काहीच कारण नाही, काहीच कारण नाही.”

हे वाक्य खरे नाही. कारण होते, सगळ्या दरबारासमोर तिला हाकलून दिले होते, तिच्या वाट्याचे राज्य काढून घेतले होते, फ्रान्सच्या राजाने तिला हुंड्याशिवाय पत्करले नसते तर तिला आसरा उरला नसता. पहिल्या अंकात राज्य मिळावे म्हणूनही जी खोटे बोलली नाही, ती कॉर्डिलिया इथे बापाला दिलासा मिळावा म्हणून धडधडीत खोटे बोलते. किंवा कदाचित ते खोटे नसेलही. क्षमा पूर्ण झाली की मागचे कारण खरोखरच नाहीसे होत असेल. या दोन शक्यतांपैकी कोणती बरोबर, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही. पहिल्या अंकातले ‘काही नाही’ आणि या अंकातले ‘काहीच कारण नाही’ ही एकाच मुखातून आलेली दोन नकारार्थी वाक्ये आहेत, आणि त्यांच्यामध्ये त्या बापलेकीचे सगळे नाते सामावलेले आहे, एवढे मात्र मला नक्की वाटते.

शेवट तर अनेकांना सोसवलाच नाही. नहूम टेट या कवीने 1681 मध्ये या नाटकाची नवी आवृत्ती रचली, तिच्यात लिअर वाचतो आणि कॉर्डिलियाचे एडगर या सरदारपुत्राशी लग्न जमते; पुढे दीड शतकाहून अधिक काळ इंग्लंडच्या रंगभूमीवर त्याच सुखान्त रूपाचे राज्य होते, आणि 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरची संहिता पुन्हा रंगमंचावर आणली. डॉक्टर जॉन्सनसारख्या कणखर समीक्षकाने लिहून ठेवले आहे, की कॉर्डिलियाच्या मृत्यूने त्याला इतका धक्का बसला, की संपादनासाठी हाती घेणे भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे त्याला धैर्य झाले नाही. त्या प्रवेशात लिअर मेलेल्या मुलीला हातांवर उचलून आणतो आणि म्हणतो, “कॉर्डिलिया, थोडी थांब.” मग तो विचारतो, काय म्हणालीस? तिचा आवाज नेहमीच मऊ, हळुवार आणि खालचा होता, असे तो भोवतालच्यांना सांगतो. पहिल्या अंकात पुन्हा बोल म्हणून ज्याने तिला दटावले, तो तिचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला होता हे आता सांगतो, आणि तो ऐकू यावा म्हणून तिच्या ओठांपाशी वाकतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, नाहीतर मी लायसँडरच्या जागी मौनाचे कौतुक करणारे एखादे दुसरे सुभाषित बसवून मोकळी होईन. कमी बोलणे म्हणजे खरे प्रेम, असा नियम ही नाटके घालून देत नाहीत. ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये वाङ्निश्चयाच्या वेळी क्लॉडिओ म्हणतो, की मौन हाच आनंदाचा सर्वोत्तम दूत आहे, किती सुखी आहे हे सांगता आले असते तर ते सुख थोडेच ठरले असते. वाक्य सुंदर आहे. पण हाच क्लॉडिओ हीरो नावाच्या त्या मुलीविषयी मनात अभिलाषा उत्पन्न होताच आधी चौकशी करतो, की तिच्या वडिलांना मुलगा आहे का, म्हणजे वारसा कोणाकडे जाणार. आणि रात्री एका खिडकीत काहीतरी दाखवले गेल्यावर, तिला एक शब्द न विचारता, दुसऱ्या दिवशी भर विवाहवेदीपाशी तिची अब्रू घेतो. त्याचे मौनही बोलण्यासारखेच नटवे असते.

त्याच नाटकात हीरोची चुलत बहीण बिअट्रिस आणि क्लॉडिओचा मित्र बेनेडिक ही दोघे पहिले दोन अंक एकमेकांना शब्दांनी ओरबाडत असतात, आणि त्यांचे बोलणे काही कमी नसते. हीरोची विटंबना झाल्यावर सगळे निघून जातात. बिअट्रिस एकटी रडत उरते. बेनेडिक विचारतो, की इतका वेळ रडतच होतीस का? ती म्हणते, हो, आणि अजून थोडा वेळ रडणार आहे. मग प्रेमाची कबुली होते, तीही अगदी साधी: जगात तुझ्याइतके मला काहीच आवडत नाही, हे विचित्र नाही का? उत्साहाच्या भरात तो म्हणतो, की सांग, तुझ्यासाठी मी काहीही करेन. ती म्हणते, “क्लॉडिओला मार.” आणि तो क्षणाचाही विलंब न लावता उत्तरतो, की सगळे जग दिले तरी नाही. प्रेक्षागृहात इथे पुष्कळदा हशा पिकतो, कारण ‘काहीही’ या शब्दाची किंमत दोन वाक्यांत उघड झालेली असते. मला आवडतो तो यानंतरचा टप्पा. बेनेडिक स्वतःचा शब्द गिळत नाही आणि वाढवतही नाही. तो तिला एक प्रश्न विचारतो, की क्लॉडिओने हीरोवर अन्याय केला असे तुला मनापासून वाटते का? ती म्हणते, मला मन आहे याची जितकी खात्री, तितकीच याची. बेनेडिक म्हणतो, पुरे, मी वचनबद्ध आहे, मी त्याला आव्हान देतो. क्लॉडिओने डोळ्यांनी जे पाहिले त्यावर विश्वास ठेवला. बेनेडिकने काहीच पाहिलेले नाही, त्याने फक्त बिअट्रिसला ओळखले आहे. आपल्या माणसाच्या शब्दावर, पुराव्याची वाट न पाहता, जुन्या मित्राच्या विरोधात उभे राहण्याची तयारी ही त्या नाटकातली सर्वांत मोठी प्रेमाची कृती आहे.

शेक्सपिअरनंतर या खालच्या पट्टीतल्या आवाजाची सर्वांत तीव्र जाण मला जॉन वेबस्टरच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’मध्ये दिसते. 1623 मध्ये छापल्या गेलेल्या या नाटकातली डचेस तरुण विधवा आहे. तिने पुन्हा लग्न करू नये असा तिच्या दोन्ही भावांचा दंडक आहे, आणि ती आपला कारभारी अँटोनिओ याच्याशी गुपचूप लग्न करते. मागणी तिलाच घालावी लागते, कारण हाताखालच्या माणसाची तशी छाती होणार नाही. तो बिचकतो तेव्हा ती म्हणते, की हे हाडामांसाचे शरीर आहे, माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर गुडघे टेकून बसलेली, अलाबास्टरच्या दगडात कोरलेली मूर्ती नव्हे. पुढे तिसऱ्या अंकात शयनगृहातला एक प्रवेश आहे. ती केस विंचरता विंचरता गप्पा मारते आहे. केस पांढरे व्हायला लागले का, आणि ते झाले की सगळ्या दरबाराला माझ्यासारखे केसांना भुकटी लावायला लावीन, अशी तिची थट्टा चालू आहे. अँटोनिओ आणि दासी तिची गंमत करायला हळूच बाहेर सटकतात. ती बोलतच राहते, आणि तिच्या मागे तिचा भाऊ येऊन उभा राहिलेला असतो. सुखी संसाराचे इंग्रजी नाटकातले इतके खरे चित्र फार थोडे आहे, आणि ते अर्ध्या वाक्यात मोडते.

चौथ्या अंकात मारेकरी तिचा गळा आवळायला आले असताना, मी अजूनही माल्फीची डचेस आहे, असे ती म्हणते. ते वाक्य प्रसिद्ध आहे आणि माझ्या वहीतही होते. वहीत नव्हते ते त्याच प्रवेशातले, दासीला ओढून नेताना तिने सांगितलेले शेवटचे काम: माझ्या लहान मुलाला सर्दीचे औषध आठवणीने दे, आणि मुलगी झोपण्याआधी तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घे. गळ्याभोवती दोर पडायची वेळ आलेली असताना तिला मुलाची सर्दी आठवते. थोड्याच वेळात त्या मुलांचाही जीव घेतला जातो. पहिले वाक्य अभिमानाचे आहे आणि तो अभिमान तिला शोभतो. पण तिचा जीव कशात होता, हे त्या औषधाच्या वाक्यातून कळते. मी स्वतः आई झाल्यावर हा प्रवेश पुन्हा वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

यापुढचे नाटक अगदी निराळ्या हवेतले आहे. विल्यम काँग्रीव्हचे ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ 1700 मध्ये लंडनला रंगमंचावर आले. मधल्या काळात 1642 मध्ये नाट्यगृहे बंद झाली होती, 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर ती पुन्हा उघडली आणि स्त्रिया रंगमंचावर आल्या. त्यामुळे नायिका मिलामंटची भूमिका ॲन ब्रेसगर्डल या प्रख्यात अभिनेत्रीने केली. या नाटकाचे कथानक मृत्युपत्रे, दस्तऐवज आणि फसवाफसवी यांनी इतके गुंतागुंतीचे आहे, की ते इथे सांगण्यात अर्थ नाही. चौथ्या अंकात मात्र मिलामंट आणि तिचा प्रियकर मिराबेल लग्नाच्या अटी ठरवायला बसतात, आणि त्या प्रवेशाला इंग्रजी सुखात्मिकेत तोड नाही असे मला वाटते.

मिलामंट म्हणते, की मला सकाळी हवे तितका वेळ लोळता आले पाहिजे. लग्न झाल्यावर मला लाडाच्या नावांनी हाक मारायची नाही. पहिल्या रविवारी नव्या गाडीतून हाइड पार्कमध्ये एकत्र मिरवायचे आणि मग पुन्हा कधी एकत्र दिसायचे नाही, असले काही करायचे नाही. उलट आपण लग्नाला फार दिवस झाल्यासारखे एकमेकांशी परके राहू, आणि लग्न झालेलेच नसल्यासारखे सभ्य. मला कोणाला पत्रे लिहायची, कोणाची यायची, यावर उलटतपासणी नको आणि तोंड वाकडे करणे नको. मन नसेल तेव्हा मी माझ्या खोलीत जेवेन आणि कारण सांगणार नाही. माझ्या चहाच्या टेबलाची मी एकटी सम्राज्ञी असेन. “आणि शेवटी, मी जिथे असेन तिथे आत येण्याआधी तुम्ही नेहमी दारावर टकटक करायची.” हे सगळे मान्य झाले, तर हळूहळू आकसत आकसत मी बायको होईनही, असे ती म्हणते.

ही लाडिक थट्टा वाटू शकते. तत्कालीन कायदा ठाऊक असला की ती तशी राहत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होत असे, तिची जंगम मालमत्ता त्याची होई, आणि विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा व्हायला 1882 साल उजाडावे लागले. सर्व दारे कायद्याने त्याची असताना, माझ्या दारावर टकटक कर असे ती सांगते. कायदा जे देत नाही ते तिला त्याच्या सभ्यतेकडून हवे आहे, आणि तो ते देतो म्हणून ती त्याच्याशी लग्न करते. मिराबेलच्याही अटी आहेत, त्यांतल्या काही, विशेषतः गरोदरपणात कंबर आवळून बांधायची नाही ही, खऱ्या काळजीच्या आहेत, आणि काही आज ऐकवत नाहीत. पण दोघे समोरासमोर बसून, आपापल्या भीती अटींच्या रूपाने बोलून दाखवतात, हेच मला विलक्षण वाटते. मिराबेल निघून गेल्यावर, तो ऐकत नसताना, मिलामंट मैत्रिणीजवळ कबूल करते, की हा चांगला नवरा निघाला नाही तर माझे संपलेच, कारण माझे त्याच्यावर अनावर प्रेम आहे. मोठे वाक्य तिच्याजवळही होते. ते तिने त्याच्या हाती दिले नाही. त्याच्या हाती तिने दार ठोठावायचे काम दिले.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला छेद देणारे एक नाटक आहे, आणि ते लपवणे बरे नव्हे. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये दोघेही पहिल्या ओळीपासून अतिशयोक्तीतच बोलतात, जे प्रेम मोजता येते ते भिकारी, असे अँटनी म्हणतो, आणि लिअरने ते आधी ऐकले असते तर बरे झाले असते. त्यांच्या बाबतीत भव्य बोलणे हीच त्यांची मातृभाषा आहे, तिला खोटे म्हणता येत नाही. तरीही, मरताना क्लिओपात्रा जे म्हणते ते सर्वांत साधे असते. अँटनीची कायदेशीर बायको ऑक्टेव्हिया आहे; क्लिओपात्राने नाटकभर त्याला शेकडो उपमा दिल्या आहेत, आणि आता सर्प छातीशी धरायच्या आधी ती म्हणते, “नवऱ्या, मी येते.” त्या एका संबोधनावर हक्क सांगायचे धैर्य तिला इतका वेळ झालेले नसते.

ऑस्कर वाइल्डच्या ‘ॲन आयडियल हजबंड’विषयी थोडक्यातच सांगते. 1895 च्या जानेवारीत लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात आलेल्या या नाटकात सर रॉबर्ट चिल्टर्न या प्रामाणिक म्हणून नावाजलेल्या राजकारण्याच्या वैभवाचा पाया एक विकलेले सरकारी गुपित आहे, हे त्याच्या बायकोला कळते, आणि ती कोसळते, कारण तिने त्याला देव्हाऱ्यात बसवले होते. तो तिला म्हणतो, की तुम्ही आमच्यावर आमच्या दोषांसकट प्रेम का करू शकत नाही. प्रेमाची गरज परिपूर्ण माणसाला नसते, अपुऱ्या माणसालाच असते. म्हणणे खरे आहे, पण ते अपराधी माणूस स्वतःच्या बचावासाठी म्हणतो आहे, हेही विसरता येत नाही. याच वाक्याची कॉर्डिलियाच्या ‘काहीच कारण नाही’शी तुलना करावीशी वाटते: क्षमा मागणाऱ्याने केलेले क्षमेचे समर्थन आणि क्षमा करणाऱ्याने उच्चारलेली क्षमा यांत फार अंतर आहे.

आता ‘द विंटर्स टेल’. हे नाटक 1611 च्या मे महिन्यात ग्लोबमध्ये झाल्याची नोंद एका प्रेक्षकाच्या टिपणात आहे. सिसिलीचा राजा लिओंटिस कोणत्याही पुराव्याशिवाय आपली गरोदर राणी हर्मायनी हिच्यावर व्यभिचाराचा संशय घेतो, तिला तुरुंगात टाकतो, तिच्या नवजात मुलीला रानात सोडून यायला सांगतो. आईच्या या स्थितीने खंगून लहान मुलगा मॅमिलियस मरतो, आणि हर्मायनीही गेली असे राणीची पाठराखीण पॉलिना येऊन सांगते. सोळा वर्षे सरतात. मुलगी पर्डिटा सापडते. पॉलिना सगळ्यांना हर्मायनीचा पुतळा दाखवायला नेते. पडदा बाजूला होतो, आणि लिओंटिस बघतो आणि म्हणतो, की हर्मायनीला इतक्या सुरकुत्या नव्हत्या, ती इतकी वयस्कर नव्हती. पॉलिना सांगते, की हे तर शिल्पकाराचे कौशल्य आहे, त्याने सोळा वर्षे जाऊ दिली आणि ती आज असती तर जशी दिसली असती तशी घडवली.

सोळा वर्षांपूर्वी त्याने जे नव्हते ते पाहिले होते. आता त्याला तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते दिसते, आणि त्या सुरकुत्यांमधली प्रत्येक त्याच्या हातची असते. तो तिथून हलायला तयार होत नाही. वाद्ये वाजतात, मूर्ती पायरी उतरते, तो तिचा हात धरतो आणि म्हणतो, “ही तर उबदार आहे.” हर्मायनी त्याला मिठी मारते. त्यानंतर ती बोलते, पण ते देवांशी आणि मुलीशी. तू कुठे होतीस, कशी जगलीस, कशी सापडलीस, असे ती पर्डिटाला विचारते. लिओंटिसला उद्देशून ती एक शब्दही उच्चारत नाही. नाटकभर तिने त्याच्याशी इतके सुंदर, इतके सरळ भाषण केलेले असते, न्यायसभेत उभे राहून स्वतःची बाजू इतक्या धीराने मांडलेली असते, आणि शेवटच्या प्रवेशात शेक्सपिअर तिला नवऱ्यासाठी एकही वाक्य देत नाही. काही दिग्दर्शकांना ती संपूर्ण क्षमा वाटते, काहींना क्षमेची सुरुवात, आणि मॅमिलियस परत आलेला नाही याची आठवण मला त्या शांततेत दर वेळी ऐकू येते. लिओंटिसही तिच्याकडून शब्द मागत नाही. या मधल्या विस्तीर्ण काळात कोणी काय केले, काय सोसले, हे एकमेकांना सावकाश विचारता आणि सांगता येईल अशा ठिकाणी आम्हाला घेऊन चल, असे तो पॉलिनाला म्हणतो, आणि सगळे विंगेत निघून जातात.